अंदमानच्या रिसॉर्टपायी 1,03,600 रुपये गेले, तुम्ही तरी सावध व्हा

आधी आकडे सांगते, कारण नातेवाइकांत आता ज्याच्या त्याच्या तोंडी वेगळाच आकडा आहे. 39,000, मग 31,200, मग 18,900 आणि शेवटी 14,500. एकूण 1,03,600 रुपये. त्यातले 14,500 समोरच्या खात्यात अडवून ठेवलेत, बाकी 89,100 गेले. स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचं हॅवलॉक, तिथल्या एका रिसॉर्टच्या नावाने हे पैसे आमच्याकडून काढले. रिसॉर्ट खरं आहे, आजही चालू आहे. आमचं बुकिंग तेवढं कधी झालंच नव्हतं.

"स्वस्तात मिळतंय म्हणून भुलले असतील," असं माझ्या माघारी बोललं जातंय, म्हणून हेही लिहून ठेवते. त्या खोलीचा दर बुकिंगच्या ॲपवर एका रात्रीचा 7,200 होता, आम्हाला 6,500 सांगितला. थेट हॉटेलला फोन केला की कमिशन वाचतं, तेवढी सूट कोणीही देतं. सातशे रुपयांच्या फरकाला लोभ म्हणत असाल तर भाजीबाजारात घासाघीस करणारे सगळेच लोभी.

सासऱ्यांची पंचाहत्तरी होती. त्यांना सेल्युलर जेल बघायचं होतं, ही त्यांची फार जुनी इच्छा. सासू-सासरे, दीर-जाऊ, आम्ही दोघं आणि मुलगी, असे सात जण. नागपूरहून थेट विमान नाही, कोलकात्याला बदलायचं. ती तिकिटं विमान कंपनीच्याच साइटवरून काढली, त्यात काही गडबड झाली नाही. राहिलं होतं रिसॉर्ट, आणि ते मी डोळे झाकून निवडलेलं नाही. स्वराज द्वीपावर बहुतेक रिसॉर्ट पूर्वेकडे, गोविंदनगर आणि विजयनगरच्या किनाऱ्याला आहेत. फोटोत पाणी अगदी पायरीशी दिसतं, पण तो भरतीचा फोटो असतो. ओहोटीला पाणी पार दूर जातं आणि खडक उघडे पडतात. डुंबायचं तर पश्चिमेच्या राधानगर किनाऱ्यावर, बेटाच्या दुसऱ्या बाजूला. हे सगळं मी वाचून काढलं होतं. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, त्यांना वाळूतून चालवायचं नाही आणि जिनाही नको, म्हणून तळमजल्याच्या खोल्या आणि दारापर्यंत गाडी येईल असंच ठिकाण शोधलं. वाईट अभिप्राय आधी वाचले, चांगले नंतर. एवढं करून एक नाव पक्कं केलं आणि नकाशाच्या ॲपवर त्या रिसॉर्टच्या पानावर जो फोन नंबर होता तो लावला.

चोर तिथे बसला होता. पान खरं, फोटो खरे, अभिप्राय खऱ्या माणसांचे, ठिकाण बरोबर. फक्त नंबर चोराचा. अशा पानावर "बदल सुचवा" म्हणून पर्याय असतो, कोणीही नंबर बदलून सुचवू शकतं आणि तो कधीकधी मंजूरही होतो, हे मला नंतर कळलं. बनावट वेबसाइटचे प्रकार सगळ्यांनी ऐकलेत, मीही ऐकले होते, स्पेलिंग तपासायची, कुलपाची खूण बघायची. इथे वेबसाइटचा संबंधच आला नाही. हॉटेलचा नंबर नकाशावरून उचलू नका. हॉटेलच्या स्वतःच्या साइटवर तळाशी असतो तो घ्या, आणि बुकिंगच्या ॲपवर दिसतो त्याच्याशी ताडून बघा. तीन ठिकाणी तीन नंबर दिसले तर तिथेच थांबा.

फोनवरचा माणूस घाई करत नव्हता, हे मुद्दाम सांगते, कारण "घाई करतो तो ठग" असंच आपल्याला शिकवलेलं असतं. सासऱ्यांच्या गुडघ्यांचं ऐकल्यावर त्याने स्वतःहून विचारलं, "मॅडम, बाथरूम में ग्रॅब बार चाहिए क्या?" कुठल्या कॉटेजला पायऱ्या आहेत आणि कुठल्याला नाहीत, हे त्याला पाठ होतं. व्हॉट्सॲपवर रिसॉर्टचा लोगो, खोल्यांचे फोटो, जेवणाचा मेनू. तीन खोल्या, चार रात्री, 78,000 रुपये. निम्मे आगाऊ, म्हणजे 39,000. क्यूआर कोड पाठवला. स्कॅन केल्यावर स्क्रीनवर रिसॉर्टचं नाव आलं नाही, एका माणसाचं नाव आलं. मी विचारलं. "हमारे अकाउंट्स मॅनेजर हैं, करंट अकाउंट का लिमिट चल रहा है." छोट्या हॉटेलांत मालकाच्या, भाच्याच्या, कोणाच्याही खात्यात पैसे घेतात, चिखलदऱ्याला आम्ही असेच दिले होते आणि खोली मिळाली होती. मी पिन टाकला.

आणि मग व्हाउचर आलं.

आमचं इतवारीला इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आहे. हे गल्ला सांभाळतात, बिलं आणि जीएसटी मी बघते. रोज किती बिलांवर मी जीएसटी नंबर टाकते आणि तपासते. महाराष्ट्राचा नंबर 27 ने सुरू होतो. पहिले दोन आकडे म्हणजे राज्य, हे झोपेत विचारलं तरी सांगेन. त्या व्हाउचरवर उजव्या कोपऱ्यात नंबर छापलेला होता आणि तो 08 ने सुरू होत होता. 08 म्हणजे राजस्थान. अंदमान-निकोबारचा कोड 35 आहे. एवढंच नाही, खाली कर लावला होता तो आयजीएसटी, म्हणजे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकल्यावर लागतो तो. खोलीचा कर जिथे इमारत उभी आहे तिथला लागतो. अंदमानातल्या हॉटेलने स्वतः बिल दिलं तर त्यावर सीजीएसटी आणि यूटीजीएसटी, म्हणजे केंद्राचा आणि केंद्रशासित प्रदेशाचा कर, यायला हवा. हे मला येतं. हे माझं रोजचं काम आहे.

मी तो नंबर पाहिला. हेच डोक्यातून जात नाही. नजरेतून सुटला असता तर एवढं लागलं नसतं. मी पाहिला, बोटाने मोठा करून पाहिला, आणि मनात आलं की मालक तिकडचा असेल, कंपनी तिकडे नोंदवली असेल. त्याच वेळी दुकानात एक कंत्राटदार वायरच्या बंडलांचा हिशेब घेऊन उभा होता आणि व्हाउचरवर सातही जणांची नावं बिनचूक होती, आधार कार्डावरून घेतलेली. सासऱ्यांच्या नावापुढे "ज्येष्ठ नागरिक, तळमजला" असंही लिहिलेलं. आपल्या माणसाची काळजी अशी छापून आलेली दिसली की पुढचे प्रश्न गळून पडतात. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर कोणताही नंबर टाकला की तो कोणाचा आहे ते फुकट दिसतं, लॉगिनही लागत नाही. एका मिनिटाचं काम. ते केलं असतं तर गेले असते फक्त 39,000. त्यानंतरचे 64,600 त्या दोन आकड्यांपायी गेले.

पुढचं थोडक्यात. आजच पूर्ण भरलं तर दहा टक्के सूट म्हणून 31,200. मग सात जणांच्या बोटीचे जाता-येताचे 18,900. बोटीची तिकिटं प्रवाशांच्या नावानिशी निघतात, त्यामुळे त्याने परत आधार मागितले तेव्हा ते बरोबरच वाटलं. तिकिटं मात्र आली नाहीत. "सर्व्हर डाऊन आहे." मग "परमिटसाठी परत मिळणारी अनामत" म्हणून 14,500. भारतीय नागरिकांना स्वराज द्वीपावर जायला कसलंही परमिट लागत नाही, हे लक्षात ठेवा. ते भरल्यावर लगेच पुन्हा 14,500 मागितले, आधीचे "रिफ्लेक्ट" झाले नाहीत म्हणून. तेव्हा भाऊजींनी फोन माझ्या हातातून घेतला आणि रिसॉर्टची लँडलाइन मागितली. उत्तर आलं, "बेटावर नेटवर्क नसतं." 2020 च्या ऑगस्टमध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल टाकून अंदमानला जोडलंय, स्वराज द्वीपही त्यात आहे. कोणी नेटवर्कचं कारण सांगितलं तर फोन ठेवून द्या. भाऊजींनी रिसॉर्टच्या साइटवरचा नंबर शोधून लावला, दुसऱ्या घंटीला उचलला. आमच्या नावाने काहीच बुकिंग नव्हतं.

आणि त्या रिसॉर्टच्या माणसाने काय सांगावं? "असे फोन आम्हाला आणखीही आलेत." म्हणजे त्यांना माहीत होतं! मग साइटवर मोठ्या अक्षरांत एक ओळ का नाही टाकली, की या नंबरवर पैसे देऊ नका? तुमच्या नावावर लोक लुटले जाताहेत आणि तुम्ही सहानुभूती दाखवून फोन ठेवता?

1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, लगेच फोन केला. ते जमलं, तक्रार नोंदली, पोचपावतीचा क्रमांक आला आणि शेवटचे 14,500 त्या खात्यातून पुढे सरकायच्या आत अडले. आधीचे तोवर दुसरीकडे वळवले गेले होते. म्हणून पहिला फोन 1930, नवऱ्याला नंतर, भावाला नंतर, रडणं त्याहून नंतर. यूटीआर क्रमांक (प्रत्येक ऑनलाइन व्यवहाराचा वेगळा नंबर), वेळ, रक्कम समोर ठेवून बसा, ते हेच विचारतात.

खरा मनस्ताप त्यापुढे. आमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदारांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, काऊन टाकले मंग तुम्ही पैसे?" समोर सासरे बसलेले. मग म्हणाले, सायबरला जा. सायबरला गेलो तर म्हणे, रक्कम मोठी नाही, तुमच्या ठाण्यातच द्या. पुन्हा ठाण्यात. तिथे आता दुसरे साहेब, त्यांचं म्हणणं की हॉटेल अंदमानात, खातं राजस्थानात, गुन्हा आमच्या हद्दीत घडलाच नाही. अहो, पिन मी नागपुरात बसून टाकला, पैसे नागपूरच्या खात्यातून गेले! आणि हद्दीचा प्रश्न असला तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, ठाण्याला माहिती नोंदवून घ्यावीच लागते. हे मी म्हटलं, तर "वकील आहात का?" असं विचारलं. वकील असल्याशिवाय कायदा वाचायचा नाही का? ऑनलाइन तक्रार झाली म्हणजे एफआयआर झाला असं समजू नका, दोन्ही वेगळे आहेत, आणि अडकलेले पैसे सोडवायला पुढे कागद लागतातच.

बँकेत तर याहून थंडपणा. मॅनेजरने रिझर्व्ह बँकेचं 2017 चं परिपत्रक काढून दाखवलं. तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, पण ते तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांना. तुम्ही स्वतः पिन टाकलाय, तुमची परवानगी आहे. परवानगी! फसवून घेतलेल्याला परवानगी म्हणायचं? ज्या खात्यात एका संध्याकाळी अनोळखी लोकांचे पैसे येतात आणि काही मिनिटांत वळते होतात, ते खातं उघडताना केवायसी कोणी केलं, याचं उत्तर कोणी देत नाही. आमचं दुकानाचं चालू खातं उघडताना शटरसमोर उभं करून फोटो काढले होते. त्या चोराला कोणी उभं केलं? अडवलेले 14,500 कधी मिळतील विचारलं, तर कोर्टाचा आदेश आणा. ज्यांचे पैसे, त्यांनीच कोर्टात जायचं.

गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे केंद्राने 2025 च्या एप्रिलमध्ये यात्रा आणि हॉटेल बुकिंगच्या फसवणुकीबद्दल इशारा दिला होता, म्हणजे प्रकार वरपर्यंत माहीत आहे. मग ठाण्यातल्या माणसाला पहिल्यापासून समजावून का सांगावं लागतं?

आधार कार्डंही गेलीत, त्याची भीती वेगळीच. सातही जणांचे बायोमेट्रिक आम्ही त्याच रात्री लॉक केले. हॉटेलला ओळखपत्र पाठवायची वेळ आलीच तर मास्क केलेलं आधार पाठवा, शेवटचे चार आकडे दिसतात तेवढं पुरतं.

ही दिवाळीच्या सुट्ट्यांच्या बुकिंगची वेळ आहे. नकाशावर तो नंबर चुकीचा असल्याचं मी कळवलंय, भाऊजींनी कळवलंय, दुकानातल्या पोरांनीही कळवलंय. आज सकाळी पाहिलं तेव्हा तो तिथेच होता. ज्यांना अंदमानला जायचंय त्यांनी पोहोचल्यावर पैसे द्यायचा पर्याय असलेली खोली घ्या, भले चारशे-पाचशे जास्त पडोत. पैसे पाठवताना स्क्रीनवर हॉटेलचं नाव दिसलं नाही तर पाठवू नका, कारण काहीही सांगोत. व्हाउचरवरचा जीएसटी नंबर 35 ने सुरू होतो का बघा. एखादा बुकिंगवाला एजंट दुसऱ्या राज्यातला असू शकतो, पण जो स्वतःला रिसॉर्टच म्हणवतो त्याचा 35 च हवा.

ठाण्याने नोंद घ्यायला नकार दिला तर त्याच कलम 173 मध्ये पुढची वाट दिली आहे, वरिष्ठ अधिकाऱ्याला लेखी पोस्टाने पाठवायचं आणि तरीही नाही झालं तर दंडाधिकाऱ्यांकडे जायचं. अर्ज लिहून झालाय, चारही व्यवहारांचे यूटीआर, व्हाउचर आणि 1930 ची पोचपावती जोडली आहे. उद्या स्पीड पोस्टाने जाईल.