प्रार्थना कीटकांचे फोटो: गौताळ्याचं जंगल की शेताचा बांध?

पावसाळा सरत आला की प्रार्थना कीटक, म्हणजेच खंडोबाचे किडे, पूर्ण वाढलेले आणि पंख फुटलेले दिसू लागतात. छत्रपती संभाजीनगरकडच्या माणसाला तेव्हा दोन वाटा असतात: कन्नडजवळचं गौताळा औट्रमघाट अभयारण्य, नाहीतर ओळखीतल्या कुणाच्या शेताचा बांध. नवख्याने बांधच धरावा, असं माझं ठाम मत आहे.

गौताळा मोठं आहे, सुमारे २६० चौरस किलोमीटर. झाडं, गवताळ माळ, काटेरी झुडपं असं सगळं एकाच फेरीत बघायला मिळतं. काही जाती खोडाच्या सालीत मिसळून जातात, काही गवताच्या काडीसारख्या लांबट असतात, त्यामुळे वैविध्य हवं असेल तर जंगलच बरं. पण तिथे वनखात्याच्या वेळा पाळाव्या लागतात आणि रात्री थांबून फोटो काढायची सोय नाही.

आणि रात्र सोडणं परवडत नाही. दिवसा या किड्याचे डोळे फिकट हिरवे किंवा तपकिरी असतात. त्यात एक काळा ठिपका असतो, तो तुम्ही कुठेही उभे राहा, तुमच्याकडेच बघतो. अंधार पडला की अख्खा डोळाच काळपट होतो. एकाच किड्याचे हे दोन्ही फोटो बांधावर सहज मिळतात. टॉर्च मात्र बाजूने धरा, थेट डोळ्यांवर नको.

दुसरं म्हणजे, बांधावर रोज जाता येतं. खायला मिळत असेल तर पिल्लू बरेचदा त्याच तुरीच्या किंवा तरवडाच्या आसपास सापडतं. ते उलटं लटकून कात टाकत असेल तर फांदीला हातही लावू नका. अंग तेव्हा मऊ असतं. खाली पडलं तर पाय वाकडे होतात, कधी जीवही जातो.

मॅक्रो लेन्स ९० ते १०५ मिलिमीटरची असेल तर जरा लांबून काम होतं. मोबाईलच्या क्लिप लेन्सला अगदी जवळ जावं लागतं. फोकस डोळ्यावरच ठेवा.

बांधाची खरी अडचण फवारणीची. औषध मारलेल्या कपाशीत किडा मिळणं अवघड, शिवाय ते औषध आपल्याही अंगाला लागतं. म्हणून आधी शेतकऱ्याला विचारा, आणि पायात बूट घाला. घोणस तिथे असू शकते.