लागोस आयलंडची पायी सफर: गाइड झकास, वेळेच्या नावाने बोंब

नायजेरियातल्या लागोस शहरात, इलुपेजू-इकेजा भागात राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी लिहितेय. मॉल आणि मंदिर यांपलीकडे लागोस बघायचं असेल, तर आयलंडवर पायी फिरवणारे गाइड मिळतात. आम्ही ज्याच्याबरोबर गेलो त्याचं नाव देत नाही. पोरगा एकटाच हा व्यवसाय चालवतो आणि बोलतो मोकळेपणाने. उगाच त्याला ताप नको.

आधी तक्रारी. आठची वेळ दिली आणि साहेब उगवले पावणेनऊला. कारण आयलंडकडे येणाऱ्या थर्ड मेनलँड ब्रिजवरचं ट्रॅफिक, म्हणजे बोलायची सोयच नाही. टिनुबू स्क्वेअर, फ्रीडम पार्क अक्षरशः उरकलं. पाणी, टोपी आपापली न्यायची.

शिट्टा-बे मशिदीसमोर मात्र आम्ही चांगले रेंगाळलो. ही 1894 मध्ये उघडली. बांधून घेणारे मोहम्मद शिट्टा जन्माने सिएरा लिओनचे आणि कारागीर ब्राझिलियन. दर्शनी भाग बघताना मला जुन्या गोव्यातल्या चर्चची आठवण झाली. पोर्तुगीज वळण तेच, फक्त इथे ब्राझीलमार्गे आलेलं. गुलामगिरीतून सुटलेली माणसं फ्रीटाऊनहून आली ती सारो, ब्राझीलहून आली ती अगुडा. त्यांची घराणी आज पक्की लागोसची. राजवाड्यापाशी त्याने आवाज जरा खाली आणला: ओबाच्या, म्हणजे इथल्या पारंपरिक राजाच्या, घराण्याचं बेनिनच्या जुन्या राज्याशी नातं किती, यावरून अजून वाद होतात.

"मग मी कोण, मा?" त्याने मलाच विचारलं. जन्म सुरुलेरेचा. फळवालीशी योरुबात, म्हणजे इथल्या मूळ लोकांच्या भाषेत, अशी घासाघीस करतो की ती हसत भाव पाडते. पण घर इग्बो, म्हणजे आग्नेय नायजेरियातल्या समाजाचं, वडिलांचं गाव तिथल्या अनाम्ब्रा राज्यात, म्हणून फॉर्मवर 'स्टेट ऑफ ओरिजिन' (मूळ राज्य) अनाम्ब्रा. दाखला तिथल्या लोकल गव्हर्नमेंटचा, आणि गाव बघितलंय ते नाताळच्या सुट्टीत. कागद साधा नाही. प्रत्येक राज्यातून तिथला मूळचा असा निदान एक मंत्री घ्यायचा, हे राज्यघटनेतच आहे. तोच हिशेब पुढे सरकारी नोकऱ्यांत उतरतो.

2023 च्या मार्चमध्ये गव्हर्नरच्या निवडणुकीत इग्बो वाटणाऱ्या लोकांना काही मतदान केंद्रांवरून हुसकावलं गेलं. रोड्स-व्हिव्हर हे उमेदवार जुन्या लागोस घराण्यातले, तरी त्यांची आई इग्बो म्हणून त्यांनाही ऐकून घ्यावं लागलं. आमचा गाइड त्या दिवशी घराबाहेर पडलाच नाही.

आमच्या गटात बँकेतून निवृत्त झालेल्या एक योरुबा बाई होत्या. त्यांनी त्याला तिथेच अडवलं: "माझ्या मुलाला तुझ्या गावच्या लोकल गव्हर्नमेंटचा चेअरमन करतील?" तो खो-खो हसला. "नाही, मम्मी. चहासुद्धा 'तू कुठला' हे विचारून देतील." बाईही हसल्या, पण मुद्दा काही सोडला नाही. मी गप्प. माहेरी डोंबिवलीत हाच वाद निघाला की मी बाईंच्याच बाजूने तावातावाने बोलते.

अशी जुगलबंदी पुस्तकी माहिती पाठ म्हणणाऱ्या गाइडकडे मिळायची नाही. पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो पावणेनऊचा. रविवारी जा, बालोगुन बाजाराची गर्दी नसते आणि इमारती धड दिसतात. पैसे रोख न्या, चपला नकोत, बूट घाला. राजवाड्यापाशी जास्त थांबायचं असेल तर बुकिंग करतानाच सांगा.