गुलमर्गचं स्कीइंग: बुकिंग कुठे चुकतं

नवशिक्यांसाठी गुलमर्ग चांगलंच आहे, फक्त बुकिंगचा क्रम उलटा करू नका. बहुतेक जण आधी गोंडोलाच्या, म्हणजे तिथल्या केबल कारच्या, दुसऱ्या टप्प्याचं तिकीट काढतात. तो अफरवत डोंगरावर, जवळपास ३,९५० मीटरवर नेतो, पण तिथला उतार मशीनने दाबलेला नसतो आणि हिमस्खलनाचा धोका खरा असतो. शिकणाऱ्याचं तिथे काय काम? पहिले तीन-चार दिवस खालच्या सौम्य उतारांवरच जातात. वर जायचंच असेल तर तारखेत लवचिकता ठेवा. वारा वाढला की दुसरा टप्पा बंद होतो.

तारीख जानेवारीअखेर ते फेब्रुवारी धरा. नाताळात गर्दी भरपूर, बर्फाची खात्री कमी.

भाड्याच्या सामानात स्की कुठलीही चालेल, बूट नाही. मापासाठी पायाची लांबी सेंटीमीटरमध्ये मोजून न्या. बूट घालून ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवले की सुटावीत. टाच उचलली जात असेल तर बूट मोठा आहे. पायमोजा एकच, पातळ. दोन घातले की पाय आवळतो आणि उलट जास्त गारठतो.

श्रीनगरहून अंतर पन्नासेक किलोमीटर, पण ताज्या बर्फात पायथ्याच्या तंगमर्गपासून वर चाकांना साखळ्या लावलेली किंवा फोर-बाय-फोर गाडी लागते. तिचं भाडं पॅकेजमध्ये आहे का, हे लेखी घ्या. परतीच्या विमानाआधी एक दिवस श्रीनगरात मोकळा ठेवा. आणि हो, महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड चालतं.