वेल्डिंगचा पहिला धडा: सिम्युलेटरवर की खऱ्या ठिणगीवर?

शाळकरी मुलांना वेल्डिंग शिकवायचं म्हटलं की पालकांना आधी आग दिसते. सिम्युलेटर, म्हणजे पडद्यावर वेल्डिंगचा सराव करून घेणारं यंत्र, इथेच उपयोगी पडतो. तो वेग, हाताचा कोन आणि आर्कची (वेल्डिंगची कांडी म्हणजे रॉड आणि पत्रा यांच्यात पेटणाऱ्या विजेच्या ज्योतीची) लांबी मोजून चूक तिथल्या तिथे दाखवतो. रॉड, पत्रा, गॅस काहीच खर्ची पडत नाही. एकच टाका पन्नासदा मारता येतो. धूर नाही, त्यामुळे तो साध्या वर्गातही मावतो.

पण खरी गंमत रॉड धरणारा होल्डर हातात घेतल्यावरच कळते. रॉड पत्र्याला चिकटतो, झटका देऊन सोडवावा लागतो. स्लॅग, म्हणजे टाक्यावर जमलेली खपली, ठोकून काढला की खाली भोकं दिसतात, तेव्हा ओलसर रॉडने काय घात केला ते उमगतं. आर्क नीट लागला की तळल्यासारखा चरचर आवाज येतो, आणि कान तयार होतात ते त्या आवाजानेच. त्यासाठी मात्र १० नंबरच्या आसपासची काळी काच, चामडी हातमोजे, धूर ओढणारा पंखा आणि डोळ्यांत तेल घालून उभा राहणारा शिक्षक हवा. उघड्या डोळ्यांनी आर्क पाहिला तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं.

नोकरीच्या चाचणीत वेल्ड केलेला तुकडा वाकवून पाहतात. तिथे पडद्यावरचे गुण कामाचे नाहीत. माझं मत विचाराल तर पहिले काही तास सिम्युलेटर, मग थेट लोखंड. दोन्हींपैकी एकालाच पैसे असतील तर सिम्युलेटर सोडा.