‘काका, आणखी काय काय चालू आहे?’ : नौपाड्यातल्या एका मेडिकलविषयी

राम मारुती रोडच्या एका आडगल्लीत हे मेडिकल आहे. दुकान जेमतेम दहा बाय बारा. काउंटरसमोर तीन माणसं उभी राहिली की चौथ्याने पायरीवर थांबायचं, आणि पावसात त्याची पाठ भिजते. सूट दहा टक्के, त्याच्या वर एक रुपया नाही. चार वर्षं मी कोलेस्टेरॉलच्या गोळ्या इथूनच घेतो. ज्यांच्या घरात स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, चालू आहे अशा ठाण्यातल्या लोकांसाठी हे लिहितोय.

मी खोपटच्या एसटी आगारात हिशेब बघायचो, २०२१ला निवृत्त झालो. वडील अठ्ठावन्नाव्या वर्षी हार्ट अटॅकने गेले, मला स्वतःला मधुमेह. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच तपासणीत एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १६२ निघाला. डॉक्टरांनी ॲटोरवास्टॅटिन ही स्टॅटिन, २० मिलिग्रॅमची, सुरू केली, तीन महिन्यांत आकडा ९२वर आला. पण मधुमेह आणि वडिलांचा इतिहास बघता त्यांना तो सत्तरच्या खाली हवा होता. गोळी ४०ची झाली, तर ८४. सवयीने सगळं वहीत टिपून ठेवतो, त्यामुळे लगेच खटकलं. डोस दुप्पट आणि उतार फक्त आठचा?

काउंटरवरच्या फार्मासिस्ट ताईंना वही दाखवली. त्या म्हणाल्या, “काका, या गोळीचं असंच असतं. मोठं काम पहिलाच डोस करतो. पुढे दर वेळी दुप्पट केला तरी साधारण सहा टक्केच आणखी उतरतं.” पुढच्या भेटीत डॉक्टरांनी डोस वाढवला नाही, एझेटिमाइब १० जोडली. स्टॅटिन यकृतात कोलेस्टेरॉल तयार होणं कमी करते, ही दुसरी गोळी आतड्यातून शोषलं जाणारं अडवते. आकडा ६५वर आला.

त्याच सुमाराला मी एक चूक केली होती. पोटऱ्या आणि मांड्या दुखायला लागल्या, सकाळी उठताना अंग जड. फोनवर कोणीतरी मेसेज पाठवला होता की या गोळ्या स्नायू खातात. मी कोणालाही न सांगता गोळी बंद केली. तीन आठवड्यांनी शुगरची गोळी आणायला गेलो तेव्हा ताईंनी संगणकात पाहिलं. “काका, कोलेस्टेरॉलची स्ट्रिप पाच तारखेला संपायला हवी होती. नेली नाहीत?” मी खरं ते सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, पण औषध पुढे सरकवण्याआधी म्हणाल्या, “दुखतंय हे खरंच असणार. पण बंद करायचं की नाही, हे डॉक्टरांना ठरवू द्या. आजच जा.”

गेलो. रक्तात स्नायूंचं एन्झाइम, सीपीके, तपासलं, ते नॉर्मल. थायरॉइडची तपासणी, टीएसएच, मात्र वाढलेली, १४. थायरॉइड मंदावलेला होता. थायरॉइड मंदावला की अंगही दुखतं आणि कोलेस्टेरॉलही वाढतं. स्टॅटिनमुळे स्नायूंना त्रास व्हायचा धोकाही त्याने वाढतो. थायरॉइडची गोळी सुरू झाली, दोन महिन्यांत पाय हलके झाले, आणि स्टॅटिन पुन्हा तोच डोस. डॉक्टरांनी २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इंग्लंडमधल्या अभ्यासाबद्दल सांगितलं. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या साठ जणांना काही महिने खरी गोळी, काही महिने नकली आणि काही महिने काहीच नाही, असं दिलं. खऱ्या गोळीवर जो त्रास जाणवत होता, त्याचा नव्वद टक्के नकली गोळीवरही जाणवला. म्हणजे दुखणं खोटं नसतं, पण दर वेळी ते गोळीमुळेच असतं असंही नाही.

आता ज्या रात्रीसाठी मी या दुकानाचा आयुष्यभर ऋणी राहीन ती.

मागच्या वर्षी पोटाचा त्रास वाढला, तपासणीत एच. पायलोरी हा पोटातला जंतू निघाला. हे डॉक्टर वेगळे, हॉस्पिटल वेगळं. काही औषधं चालू आहेत का, असं विचारल्यावर मी शुगर आणि थायरॉइड एवढंच सांगितलं. कोलेस्टेरॉलची गोळी तोंडात आलीच नाही, कारण ते कुठे दुखत नाही. त्यांनीही जुनी फाइल उघडली नाही. चौदा दिवसांचं किट लिहून मिळालं. रात्री नऊ वाजता चिठ्ठी काउंटरवर ठेवली. ताईंनी ती वाचली आणि ड्रॉवरला हात न लावता विचारलं, “काका, आणखी काय काय चालू आहे?”

किटमध्ये क्लॅरिथ्रोमायसिन होतं. आपल्या यकृतातलं जे एन्झाइम ॲटोरवास्टॅटिन मोडतं, तेच हे अँटिबायोटिक अडवतं. मग स्टॅटिन रक्तात साठत जातं, नेहमीच्या कित्येक पट. अशा वेळी स्नायू खरोखर तुटू लागू शकतात आणि त्यांचा चुरा मूत्रपिंडावर येतो. ताईंनी काय बघायचं ते सांगितलं: दोन्ही मांड्या किंवा दंड दुखणं, हातापायातली ताकद जाणं, लघवी कोऱ्या चहासारखी होणं. असं दिसलं तर तडक हॉस्पिटल. त्यांनी दोनदा फोन लावला, उचलला गेला नाही. “अँटिबायोटिक सकाळी सुरू केलं तरी काही बिघडत नाही. आधी तुमच्या डॉक्टरांशी बोलू.” सकाळी दहाला त्यांनी स्वतः फोन केला. डॉक्टरांनी सांगितलं, किट चालू असेपर्यंत ॲटोरवास्टॅटिन बंद, एझेटिमाइब चालू. पुन्हा कधी सुरू करायची ती तारीख ताईंनी स्ट्रिपवर काळ्या मार्करने लिहून दिली. ती रिकामी स्ट्रिप मी अजून टाकलेली नाही.

आधी एकदा घाईत एका ॲपवरून गोळ्या मागवल्या होत्या. ब्रँड तोच, पण नावाच्या शेवटी एक जादा अक्षर. त्यात ॲस्पिरिनही होती, जी मला लिहून दिलेलीच नव्हती. ते ताईंनीच पकडलं. मेहुणीच्या मुलाने न्यू जर्सीहून ‘नैसर्गिक’ म्हणून रेड यीस्ट राइसच्या कॅप्सूल आणल्या होत्या, तेव्हाही त्यांनी डबी फिरवून वाचली. त्यातला मोनॅकोलिन के म्हणजेच लोवास्टॅटिन. एकावर दुसरं स्टॅटिन घेतल्यासारखंच. नैसर्गिक म्हणाल तर या औषधांचा उगमच बुरशीतला आहे, १९७३मध्ये जपानच्या अकिरा एंडो यांनी पहिलं स्टॅटिन बुरशीतूनच वेगळं केलं होतं. हेही त्यांच्याकडूनच कळलं.

उणिवा सांगायलाच हव्यात. ताई प्रत्येकाला विचारतात, त्यामुळे रांग हळू सरकते. गुरुवारी दुपारनंतर दुकान बंद. दुपारी दोन ते सात काउंटरवर मुलगा असतो, तो चिठ्ठी बघून गोळ्या देतो, विचारत काही नाही. नवीन औषध सुरू होत असेल तर सकाळी किंवा सातनंतरच जा. स्वस्त हवं असेल तर ताई स्वतःच जन औषधी केंद्राचं नाव सांगतात, फक्त घटक आणि मिलिग्रॅम तेच आहेत ना ते मोठ्याने वाचून घ्यायला लावतात.

मी आता घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स एका स्टीलच्या डब्यात भरून नेतो, बायकोच्याही. मागच्या आठवड्यात रांगेत पाच माणसं असताना ताईंनी तो डबा काउंटरवर पूर्ण रिकामा केला, एकेक स्ट्रिप उलटून पाहिली, आणि मुदत संपलेल्या दोन बाजूला काढल्या.