मायफोर्ड एमएल७ वर आटे पाडणं : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल, मग कारणं. मायफोर्ड एमएल७ या छोट्या लेथवर एखाद-दुसऱ्या नगाचे, इंच-दीड इंच लांबीचे आटे फार देखणे पडतात, पण मोटारीवर नव्हे. स्पिंडलच्या (काम फिरवणाऱ्या पोकळ दांड्याच्या) मागच्या टोकाला हँडल लावून हाताने फिरवलं तर. एन१ए (सहज कापलं जाणारं मऊ पोलाद), साधं एमएस (माइल्ड स्टील), पितळ, अ‍ॅल्युमिनियम आणि बीड (ओतीव लोखंड) या सगळ्यांवर दोन्ही पद्धती वापरून झाल्या. वाया गेलेले बहुतेक नग मोटारीच्या खात्यावर आहेत.

ज्यांनी हा लेथ पाहिला नाही त्यांच्यासाठी : इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळ बीस्टनला दुसरं महायुद्ध संपल्यावर, १९४६ च्या सुमारास निघालेलं हे छंदवाल्यांचं मशीन. सेंटरची उंची साडेतीन इंच, दोन सेंटरांमधलं अंतर २० इंच, बॅक गिअर (वेग कमी करणारी गिअरांची जोडी) धरून ३५ ते ६४० आरपीएमचे सहा वेग. टूल वाहणाऱ्या सॅडलला सरकवणारा लांब लीडस्क्रू ८ टीपीआय, म्हणजे इंचाला ८ आटे. स्पिंडलचं आरपार भोक १९/३२ इंच, नाकावरचे आटे १ १/८ इंच × १२ टीपीआय, आणि काम धरणारा चक त्यावर पेचानेच बसतो. मूळ मशीनला गिअरबॉक्स नाही, क्लच नाही. पिच (दोन आट्यांमधलं अंतर) बदलायची म्हणजे दर वेळी डावीकडचं झाकण उघडून चेंज गिअर बदलायचे. उद्यमनगरातल्या आठ फुटी लेथवर हात बसलेल्या टर्नरला हे खेळणंच वाटेल. वजनाच्या आणि ताकदीच्या बाबतीत ते खरंही आहे.

गिअरांची मांडणी

हिशेब सोपा आहे : चालवणाऱ्या गिअरचे दात भागिले चालणाऱ्याचे दात = ८ भागिले हवे ते टीपीआय. मधला नुसता फिरणारा गिअर हिशेबात येत नाही. १६ टीपीआयला २० ने ४०, २० टीपीआयला २० ने ५०, २६ ला २० ने ६५. अर्धा इंची नळाचे आटे १४ टीपीआय असतात, त्यांना २० ने ३५. वाफेच्या इंजिनांच्या मॉडेलवर लागणाऱ्या ४० टीपीआयला दोन जोड्या लागतात : २० ने ५० आणि ३० ने ६०. संचात ३८ दातांचा एक विचित्र गिअर दिसतो, तो पाव आणि तीन अष्टमांश इंची पाइपच्या १९ टीपीआयसाठी : २० ने ३८, ४० ने ५०.

आपल्याला रोज लागतात ते मात्र मिलिमीटरचे आटे. १२७ दातांचा गिअर लावला की हिशेब अचूक जमतो, पण तो आकाराने मोठा, सहज मिळत नाही आणि झाकणाखाली मावताना कुरकुर करतो. त्याची गरजच पडली नाही. ५५, ६५ आणि ७५ हे तीन गिअर कायम ठेवायचे आणि फक्त पहिला बदलायचा. पहिल्याने ७५ फिरवायचा, त्याच स्टडवरच्या ६५ ने लीडस्क्रूवरचा ५५. पहिला २० दातांचा असेल तर पिच १ मिमी, २५ असेल तर १.२५, ३० ला १.५, ३५ ला १.७५, ४० ला २ मिमी. थोडक्यात, एका मिलिमीटरला वीस दात. एम६, एम८, एम१०, एम१२ आणि एम१६ एवढ्यात उरकतात. ०.५ मिमी हवा असेल तर १ मिमीच्या मांडणीत ३० ने ६० ही आणखी एक जोडी घालावी लागते. तेवढा खटाटोप करण्यापेक्षा डाय (हाताने आटे पाडायचं हत्यार) बरा.

या मांडणीत चूक किती? ०.०६ टक्के. २५ मिमी लांबीत दीड शतांश मिमी. एम१० चा नट आठेक मिमी उंच असतो, त्याला ही चूक कळतसुद्धा नाही. ३०० मिमी लांबीचा फीड स्क्रू करायचा असेल तर मात्र ०.१८ मिमीचा फरक पडेल. तिथे १२७ चाच गिअर लावा.

गिअर एकमेकांत खुपसून बसवू नका. वर्तमानपत्राची पट्टी दातांमध्ये धरून गिअर दाबायचे, नट आवळायचे आणि पट्टी फिरवून काढायची. ती चुरगळून पण न फाटता बाहेर आली की फट बरोबर. फट कमी पडली तर गिअर घरघरतात आणि ती घरघर आट्याच्या बाजूवर ठरावीक अंतराने उमटते. ते चॅटर (टूलची थरथर) समजून लोक टूलला दोष देत बसतात. मांडणी झाली की खऱ्या कापाआधी एक-दोन थाऊचा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) नुसता ओरखडा घ्या आणि त्यावर पिच गेज लावा. २५ च्या जागी ३५ चढवण्याची चूक तिथेच पकडली जाते.

हाताचं हँडल

हे विकत घेण्यापेक्षा याच लेथवर करावं. १५ मिमीचा रॉड, शंभरेक मिमी लांब. एका टोकाला आतून शंकूसारखा उतार द्यायचा आणि त्याच टोकाला हॅकसॉने ४० मिमी लांबीच्या दोन आडव्या-उभ्या चिरा पाडायच्या. आरपार गेलेल्या ६ मिमी रॉडच्या टोकाला शंकूच्या आकाराचा नट. बाहेरून आवळलं की शंकू आत ओढला जातो, चिरा फाकतात आणि रॉड भोकात घट्ट धरतो. हँडलची लांबी १०० ते १२५ मिमी पुरते.

लावताना प्लग काढा, बेल्ट सैल करा, बॅक गिअर लावू नका. प्लग काढणं ही औपचारिकता नाही : हँडल लावलेलं असताना मोटार सुरू झाली तर ते मनगट मोडू शकतं.

याने नेमकं काय साधतं? मोटारीवर सगळ्यात मंद ३५ आरपीएमलाही दीड मिमी पिचचा टूल सेकंदाला जवळजवळ एक मिमी पुढे सरकतो. ऐकायला हे हळू वाटतं. कामाच्या खांद्यापासून चार मिमीवर टूल असताना हाफ नट (सॅडलला लीडस्क्रूशी जोडणारा, उघडता येणारा नट) उघडायचा आणि टूल मागे घ्यायचा म्हटलं की हात दोन आणि कामं तीन होतात. हँडलवर हवं तिथे थांबता येतं, आणि टूलखाली धातू कसा निघतोय ते तळहाताला कळतं. एन१ए वर सुरळीत ओढ लागते. फाटायला लागलेलं एमएस कचकचतं, ते डोळ्याला दिसायच्या आधी हाताला समजतं.

दुसरा फायदा त्याहून मोठा. मिलिमीटरच्या आट्यांत हाफ नट शेवटपर्यंत बंदच ठेवावा लागतो, म्हणजे दर पासनंतर स्पिंडल उलटा फिरवायचा. मोटार उलटी फिरवली की झटक्याने पेचावरचा चक सैल होतो. तो निसटून बेडवर आदळला तर बेड, चक आणि काम तिन्हींचं नुकसान. हाताने उलटं फिरवताना टूल आधीच बाहेर घेतलेला असतो, भार जवळजवळ शून्य असतो, चक जागचा हलत नाही.

एक एम१० × १.५, सुरुवातीपासून

एन१ए चा १२ मिमी रॉड. आटे पडणारा भाग ९.८५ मिमीला आणायचा, नेमका १० ठेवायचा नाही. कापताना माथा थोडा फुगतो. टोकाला ४५ अंशाचा उतार ८ मिमीच्या खालपर्यंत. आटे संपतात तिथे ४ मिमी रुंद, ८.१ मिमी व्यासाची खाच. ही खाच आळसाने टाळली तर टूलचं टोक तिथेच तुटतं.

टूल दोन सूत जाडीच्या एचएसएसचा (हाय-स्पीड स्टीलचा), ६० अंश, वरून सपाट. टोकाला ऑइलस्टोनने ०.२ मिमीची गोलाई. या आट्याचा कल तीन अंशांच्या आसपास आहे, म्हणून पुढच्या बाजूचा क्लिअरन्स आठ अंशांचा हवा. पाच दिला तर टूलची बाजू आट्याला घासते आणि आटा चकचकीत पण लहरी दिसतो. सेंटर गेज कामाला टेकवून, मागे पांढरा कागद धरून टूल सरळ करा.

टॉपस्लाइड (टूल धरणारी वरची सरक) क्रॉस स्लाइडच्या (बेडला आडव्या सरकणाऱ्या खालच्या सरकीच्या) रेषेपासून २९.५ अंशांत फिरवायचा. इथे हमखास चूक होते : टॉपस्लाइड बेडला समांतर असताना तुमच्या मशीनवर शून्य दिसत असेल, तर खूण ६०.५ वर यायला हवी. टूल कामाला टेकवा, दोन्ही डायल शून्य करा. डायल फिरवता येत नसेल तर बारीक मार्करने खूण करा.

काप टॉपस्लाइडनेच द्यायचा, क्रॉस स्लाइड फक्त टूल बाहेर काढायला आणि परत शून्यावर आणायला. एक घर म्हणजे एक थाऊ धरून पास असे : ६, ५, ४, ४, ३, ३, ३, २, २, २ आणि शेवटी एकेकाचे चार. बेरीज ३८. मग काप न वाढवता दोन कोरे पास; या लेथचा टूलपोस्ट आणि टॉपस्लाइड किंचित वाकतात, ते त्यांत सुटतं. प्रत्येक पास कामाच्या टोकापासून सात-आठ मिमी अलीकडून सुरू करा म्हणजे लीडस्क्रू आणि हाफ नटमधली ढिलाई काप लागण्याआधी निघून जाते. प्रत्येक पासला ब्रशने कटिंग ऑइल. अ‍ॅल्युमिनियमला रॉकेल, पितळ कोरडं.

अडतीस घरं झाली आणि नट चढत नाही? टूलचं टोक तपासा. गोलाई न देता सुईसारखं ठेवलं असेल तर त्याच खोलीला आट्याची दरी अरुंद राहते आणि आणखी दहाएक घरं जावं लागतं. आकड्यावर विसंबायचं नसेल तर ०.९ मिमी ड्रिलचे तीन गुळगुळीत दांडे आट्यांत धरून मायक्रोमीटर लावा : १०.२६ ते १०.३९ मिमीमध्ये माप आलं की झालं. त्याआधी तारेच्या ब्रशने बर (कापलेल्या कडेला राहिलेली धातूची कोर) काढा. निम्म्या वेळा नट अडतो तो बरीमुळे.

मोटारीवर पाडायचेच असतील तर

इंची आट्यांना मोटार चालते, हाफ नट उघडता येतो. थ्रेड डायलच्या (हाफ नट कधी बंद करायचा ते दाखवणाऱ्या तबकडीच्या) चाकाचे दात मोजा. १६ असतील तर डायलची एक पूर्ण फेरी म्हणजे सॅडलचे २ इंच. सम टीपीआयला दर अर्ध्या इंचाची कुठलीही खूण चालते, विषम टीपीआयला समोरासमोरच्या दोनच. ८, १६, २४, ३२ ला डायलकडे बघायचीही गरज नाही, हाफ नट जिथे पडेल तिथे बरोबर. डायल हाफ नटच्या आधी लीडस्क्रूशी नीट जुळलाय का ते पहिल्या पासला बघा. डायलचा बोल्ट सैल असला की खूण सरकते आणि आट्यावर दुसरा आटा चढतो.

याच पद्धतीने केलेलं सगळ्यात उपयोगी काम म्हणजे चकची बॅकप्लेट, म्हणजे चक स्पिंडलवर बसवणारी मागची चकती. १२ टीपीआय म्हणजे ४० ने ६०, टूल ५५ अंशांचा, आट्याची खोली ५३ थाऊ, भोक २५.९ मिमी. पंचाईत अशी की चालू काम स्वतःच्याच स्पिंडलवर चढवून बघता येत नाही. म्हणून आधी नाकाची हुबेहूब नक्कल एका रॉडवर करायची आणि बॅकप्लेट तिच्यावर तपासायची. बीड कोरडंच कापा, आणि बेडवर ओला नव्हे, कोरडा कागद अंथरा. बीडाची भुकटी तेलात मिसळली की ती पॉलिश पेपरसारखं काम करते.

जुनं मशीन बघताना

हाफ नट बंद करा, सॅडलला डायल गेज लावा आणि सॅडल पुढे-मागे ढकला. एक-दोन दशांश मिमी हललं तर वयोमानाने चालण्यासारखं आहे. पण त्याच वेळी लीडस्क्रूच्या टोकावर बोट ठेवा : स्क्रूच मागे-पुढे होत असेल तर आधी त्याची टोकाची ढिलाई आवळून काढा, कारण लहरी आट्यांचं मूळ बहुतेकदा तिथे असतं. हेडस्टॉकचे बेअरिंग व्हाइट मेटलचे आहेत आणि वरच्या तेलाच्या कपांतून त्यांना थेंब थेंब तेल मिळतं. आयएसओ ३२ चं हायड्रॉलिक तेल घाला. मशीन उभं असतानाही कप रिकामे होतात, ती गळती नव्हे. सुरू करण्याआधी भरायचे एवढंच.

गिअरांचा संच मोजून घ्या. २० पासून ७५ पर्यंत पाचाच्या पायरीने सगळे हवेत, शिवाय ३८. हे २० डीपीचे (डीपी हे दातांच्या आकाराचं इंची माप, मॉड्यूल हे मिलिमीटरचं), साडेचौदा अंश प्रेशर अँगलचे (दाताच्या बाजूच्या कलाचे) आहेत. ऑनलाइन मिळणारे १.२५ मॉड्यूलचे गिअर हातात घेतले तर अगदी तसेच वाटतात, पण २० डीपी म्हणजे १.२७ मॉड्यूल, मोठे गिअर जोडीने फिरू लागले की दात चढतात. विक्रेत्याने मधला एखादा गिअर नंतर पाठवतो म्हटलं तर तो ५५, ६५ किंवा ७५ यांपैकी नाही ना, एवढं पाहून पैसे द्या.