वाय-फायच्या मेशला तिसरा डबा जोडला त्याला आठ महिने झाले: कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या घराचा अनुभव

आमच्या घराचा खालचा मजला आजोबांच्या वेळचा, दोन फुटी दगडी भिंतींचा. त्यावर वडिलांनी विटांचा मजला चढवला आणि गच्चीवरची खोली माझी. शिरोलीच्या फौंड्र्यांसाठी पॅटर्नची थ्री-डी ड्रॉइंग मी तिथं बसून करतो. फायलींचं वजन मोठं, त्यामुळे नेट रांगायला लागलं की कामच थांबतं.

दोन डब्यांचा मेश संच, म्हणजे एकमेकांशी बोलून घरभर एकच वाय-फाय पसरवणारे डबे, आधीपासून होता. एक खाली सोप्यात फायबरच्या मोडेमशेजारी, दुसरा पहिल्या मजल्यावर जिन्याजवळ. गच्चीपर्यंत मात्र सिग्नल पोचता पोचता दमायचा. दोन्ही डबे दोनच बँडचे (बँड म्हणजे वाय-फायच्या लहरींचा पट्टा), म्हणजे ज्या ५ गिगाहर्ट्झवर फोन बोलतो त्याच बँडवर डबेही एकमेकांशी बोलतात. मधला डबा एकदा ऐकणार, मग तेच पुढं सांगणार. वेग तिथंच निम्म्यावर येतो. तेव्हा तिसरा डबा घेऊन त्याला तारेनंच जोडायचं ठरवलं.

पण पहिल्यांदा घेतला तो एक्स्टेंडर, राउटरचा सिग्नल पुढं ढकलणारा, भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचायचा. कंपनी तीच, खोक्यावर ठळक अक्षरांत ‘मेश’, किंमतही कमी. घरी आणून ॲपमध्ये तासभर शोधला, दिसेना. राजारामपुरीतल्या दुकानदाराला फोन केला तर म्हणतो, “दादा, कंपनी एकच हाय की, न चालायला काय झालं?” त्याचं तरी काय चुकलं, मलाही तसंच वाटलं होतं. एकाच कंपनीत मेशची दोन घराणी असू शकतात: एक नुसत्या डब्यांच्या संचाचं, दुसरं राउटर आणि एक्स्टेंडरचं. आडनाव एक, पण एकमेकांच्या दारात जात नाहीत. वाय-फाय अलायन्सनं २०१८ साली ईझीमेश नावाचं मानक आणलं ते याचसाठी, वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकत्र नांदावीत म्हणून. पण ते दोन्हीकडच्या उपकरणांत असावं लागतं, आणि माझ्या जुन्या संचात ते नव्हतं. खोक्यावरचा ‘मेश’ शब्द वाचून पैसे देऊ नका. आपल्या जुन्या डब्याच्या तळाशी असलेला मॉडेल नंबर घ्या आणि कंपनीच्या सुसंगत मॉडेलांच्या यादीत नवं मॉडेल आहे का ते बघा. पाच मिनिटांचं काम, मी केलं नाही.

मग त्याच घराण्यातला वाय-फाय ६ चा नवा डबा आणला. हा लगेच जोडला गेला. गच्चीपर्यंत तार होतीच. सीसीटीव्ही बसवताना ओढलेली, कॅमेरा नंतर दुसरीकडं हलवला होता. तीच सोप्यातल्या डब्यात लावली. प्लॅन ३०० एमबीपीएसचा, वेग तपासला तर ९४. परत ९४. रात्री अकराला ९३.

हवेतला वेग असा एका आकड्यावर बसत नाही, तो वरखाली होतो. १०० एमबीपीएसच्या जोडणीतून प्रत्यक्षात ९४ च्या आसपासच मिळतात, म्हणून ९४ वर खिळला की कुठंतरी १०० एमबीपीएसची अडचण आहे असं धरून चालायचं. सोप्यातला जुना डबा उलटा करून मॉडेल शोधलं, तर त्याची पोर्टंच, म्हणजे तार लावायची तोंडं, १०० ची निघाली. संच घेताना हे बघायचं असतं हे कुणाला माहीत! मोडेमची पोर्टं गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसची होती. म्हणून राउटरचं काम मोडेमकडंच ठेवलं, सगळे डबे ॲक्सेस पॉइंट मोडवर, म्हणजे नुसतं वाय-फाय देण्यापुरते, टाकले आणि गच्चीची तार थेट मोडेममध्ये लावली.

तरीही ९४.

शेवटी टोकाचा प्लग कापला. आत आठ तारा, त्यातल्या चारच क्रिंप केलेल्या, म्हणजे प्लगमध्ये दाबून बसवलेल्या. निळी आणि तपकिरी जोडी मागं दुमडून टेपखाली दाबलेली. कॅमेऱ्याला चार पुरतात, १०० एमबीपीएस चारांवर चालतं. गिगाबिटला आठही लागतात. तार कॅट ५ई होती, म्हणजे तिच्यात दम होता, फक्त हात बांधलेले. दोन्ही टोकं नव्यानं क्रिंप करून घेतली आणि आकडा २८५ वर गेला. गेले आठ महिने तिथंच आसपास आहे.

मिश्र संचात सगळं नवं होत नाही. बायकोच्या फोनला वाय-फाय ६ आहे, पण पहिल्या मजल्यावर तो जुन्या डब्यालाच चिकटतो, तिथं वाय-फाय ५ च मिळतं. आईला फरक पडत नाही, तिचं भजन अडखळत नाही म्हणजे झालं. वाय-फायची सुरक्षा नुसत्या डब्ल्यूपीए३ या नव्या पद्धतीवर ठेवली तेव्हा जुना प्रिंटर रुसला. डब्ल्यूपीए२ आणि ३ दोन्ही चालतील असं करून दिलं.

पावसाळ्यात आणखी एक कळलं. लाईट गेली की जुने डबे छोट्या यूपीएसवर निवांत चालायचे. नवाही १२ व्होल्टचाच, पिनही बसली, म्हणून त्यालाही तसलाच यूपीएस लावला, तर डबा दर दोन मिनिटांनी बंद होऊन पुन्हा चालू. ॲडॅप्टर वाचला: २ अँपिअर. यूपीएस १ चा. आता २ अँपिअरचा वेगळा घेतलाय.

एक्स्टेंडर दुकानदारानं परत घेतला नाही. तो कळंब्याला मामांकडं आहे. त्यांचा राउटर त्याच दुसऱ्या घराण्यातला. बटण दाबलं आणि मिनिटात जोडला गेला.